पाठीकडून उघडणारा शर्ट

अण्णांना शर्ट घालायला दोन माणसं लागायची. तिसरे स्वतः अण्णा, पण ते विरोधी पक्षात.

उजवं अंग लुळं पडल्यापासून त्यांचा खांदा आखडला होता. आधी मुलाने त्यांना मागून धरून बसतं करायचं, मग सुनेने तो जड हात उचलून बाहीत सरकवायचा. कोपरापाशी बाही अडली की अण्णा ओरडायचे. आजारपणाने जीभ जड झाली होती, शब्द तोंडातल्या तोंडात विरघळायचे, पण ‘हळू गं’ एवढं मात्र स्वच्छ निघायचं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. रस्त्यात आडव्या येणाऱ्यांवर ओरडून कमावलेला आवाज होता, तेवढा शिल्लक राहिला होता.

मुलगा शीतगृहात कामाला होता. सकाळी तो निघायच्या आत शर्ट बदलून झाला तर झाला. नाहीतर जो अंगात असेल तोच दिवसभर. मग त्यावर काही सांडो, घामाने भिजो.

सुनेला घरात सगळे धाकटी म्हणायचे. मोठी सून दूरच्या शहरात होती. वर्षातून एकदा यायची, सगळ्यांना सल्ले द्यायची आणि जायची. धाकटी चाळिशी ओलांडून गेली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी धाकटीच राहिली. पूर्वी ती तयार कपड्यांच्या कारखान्यात नमुने शिवायची. नवा शर्ट, नवा फ्रॉक काढायचा ठरला की पहिला कपडा तिच्या हातचा. तो पसंत पडला की मग मोठ्या हॉलमध्ये त्याचे ढीग निघायचे. अण्णा पडले तेव्हा कुणीतरी घरी थांबणं भाग होतं. कोण, हे काही कुणी बसून ठरवलं नाही. कारखान्यातून फोन आला आणि ‘आता नाही जमायचं’ असं आपणच म्हणतोय हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, एवढंच.

एका दुपारी अण्णांच्या हातून चहाचा कप छातीवर कलंडला. घरात ती एकटी. गरम, ओला शर्ट अंगाला चिकटलेला, आणि हात तर वर होत नाही. बटणं काढून ती ओढायला गेली तशी अण्णांनी किंकाळी फोडली. तिने शिवणाच्या मशीनवरची कात्री आणली, अण्णांना कुशीवर वळवलं आणि मानेपासून खालपर्यंत शर्टाची पाठ सरळ कापून टाकली. मग दोन्ही बाह्या पुढून अलगद ओढल्या. शर्ट तिच्या हातात आला. अण्णांना ‘हळू गं’ म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

भाजलेल्या जागी मलम लावून झाल्यावर ती त्या कापलेल्या शर्टाकडे बघत बसली. फरशी पुसायला घ्यायचा की काय करायचं? संध्याकाळी तिने कापलेल्या दोन्ही कडांना पट्ट्या लावल्या आणि घरात पडलेली वेल्क्रोची चिकटपट्टी जोडली. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर तिने तो शर्ट अण्णांना समोरून चढवला, आधी एक बाही, मग दुसरी, आणि कुशीवर वळवून पाठीवर पट्टी चिकटवून टाकली. चहा उकळायला ठेवला होता. तो उतू जायच्या आत काम झालं होतं.

अण्णा छताकडे बघत होते. मग म्हणाले, “हा... मेलेल्याचा.”

“काय म्हणालात?”

त्यांनी डाव्या हाताने पाठीमागे खूण केली. शब्द जुळवत, मध्ये थांबत त्यांनी सांगितलं ते असं : त्यांच्याबरोबरचा एक ड्रायव्हर फार वर्षांपूर्वी गाडीवरच गेला. दवाखान्यात त्याला शेवटचे कपडे घालायचे होते. अंग ताठ झालेलं. तिथल्या माणसाने नव्या कोऱ्या शर्टाची पाठ कात्रीने फाडली आणि पुढून चढवला. अण्णा तिथेच उभे होते.

धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगीच भांडी धूत राहिली. पण दुसऱ्या दिवशीही तिने अण्णांना तोच शर्ट घातला. दुसरा इलाज नव्हता.

रविवारी नणंद आली. ही अण्णांची मुलगी, दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. नवऱ्याशी तिचं पटलं नव्हतं. “त्याला मी जास्त झाले,” एवढंच त्यावर सांगायची. रुग्णांसाठीचे पलंग, कुबड्या, वॉकर विकणाऱ्या दुकानात ती नोकरीला होती आणि तिथला निम्मा माल तिच्या तोंडाच्या जोरावर खपायचा. तिने वडिलांच्या पाठीची ती पट्टी उघडली, लावली, परत उघडली.

“अगं, हे तू केलंस?”

“कापावं लागलं, वन्सं. मग जोडलं.”

“आमच्याकडे रोज माणसं येऊन रडतात. पलंग देतो आम्ही, गादी देतो. कपड्याचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. मला दोन शिवून दे.”

दोनाचे चार झाले, चारांचे किती ते मोजायचं राहून गेलं. कापडाच्या कडा बांधणारं एक जुनं ओव्हरलॉक मशीन आलं. पुढच्या खोलीत अण्णांचा पलंग होता तिथेच, खिडकीखाली, कटिंगचं टेबल लागलं. धंद्याला नाव ठेवायचं राहूनच गेलं. लोक ‘तो मागून उघडणारा’ म्हणून मागायचे आणि मिळायचा. मग दुकानाच्या मालकाने नणंदेला विचारलं, तू माझी नोकरी करतेस की वहिनीची? ती तडकली आणि त्याच पावली इकडे आली.

“नोकरीला लाथ मारली,” तिने पिशवी टेबलावर आपटली.

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

हे खरं होतं, आणि ते धाकटीलाही माहीत होतं. आतापर्यंत शर्ट कमी खपले तर खपले नाहीत, एवढंच होतं. आता त्या शर्टांवर आणखी एक माणूस जेवणार होतं.

नणंद दारोदार फिरली आणि एका वृद्धाश्रमाचं काम घेऊन आली. मोठं काम. धाकटीचे दिवस एकमेकांना चिकटून गेले. सकाळी अण्णांचं सगळं, मग कटिंग, मग शिलाई, मध्येच अण्णांना कुशीवर वळवायचं, परत शिलाई. मान धरायची. दुपारी ताटावर बसल्यावर घास हातात घेऊन ती नुसतीच बसून राहायची. नवरा घरी आला की मशीनखालचे दोरे झाडायचा, अण्णांना बसतं करायचा आणि म्हणायचा, “तू जरा पड.” ती म्हणायची, “हे एवढं संपवते.” ते एवढं कधी संपायचं नाही.

माल गेला. आणि काही आठवड्यांनी आश्रमाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. “दोघींनी या. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

मेट्रनबाईंनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. थेट वरच्या मजल्यावर नेलं. कोपऱ्यातल्या पलंगावर एक अगदी लहानखुरी म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बाईंनी तिच्या पाठीवरचं पांघरूण बाजूला केलं. मणक्याच्या बाजूने, वेल्क्रोची कड जिथे येते नेमकी तिथे, लाल ओली रेघ होती. एका जागी कातडी गेली होती.

“यांना बोलता येत नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आठवडाभर कुणाला कळलं नाही. आणखी दोघांची सुरुवात आहे. तुमचे सगळे शर्ट खाली बांधून ठेवलेत, जाताना घेऊन जा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “कल्पना चांगली आहे हो. माझ्या मुलींचा अर्धा वेळ वाचला होता. काही करता आलं तर परत या.”

येताना रिक्षात दोघींच्या मध्ये गाठोडी होती. नणंद, जी गप्प बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर धाकटीने आधी अण्णांची पाठ उघडून पाहिली. तिथे नुसती लाली होती. ती रोज पावडर लावायची, रोज वळवायची, म्हणून निभावलं होतं.

“मी सोडते हे,” ती म्हणाली.

“आणि मी काय करू?” नणंदेने विचारलं. आवाज चढवलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

सोडलं नाही. वेल्क्रो उसवून त्यांनी बटणं लावून पाहिली. ती पाठीखाली खड्यांसारखी रुतली. कापडाचे बंद लावले. त्यांच्या गाठी पडल्या, त्या गाठीही रुतल्या. चेन गार लागायची आणि कातडीत अडकायची भीती. नणंद कुठूनशी चपटी लोहचुंबकं घेऊन आली. शर्टात शिवली की आपोआप टक् करून चिकटत. ती इतकी खूश झाली की स्वतःच्याच बाहीला लावून घरभर फिरली.

“छातीत यंत्र बसवलेला पेशंट असला तर?” धाकटीने विचारलं.

नणंदेने कपाळावर हात मारला. “दहा वर्षं त्या दुकानात काढली मी! लोहचुंबक लांब ठेवा, लोहचुंबक लांब ठेवा, घसा कोरडा केला सांगून सांगून.” तिने ती सगळी काढून लोखंडी कपाटाच्या दाराला चिकटवली. पुढे बरेच दिवस तिथे किराण्याच्या चिठ्ठ्या लटकत होत्या.

असं आठवड्यामागून आठवडे चाललं. नवं काही सुचलं की दोन दिवस उमेद यायची. मग ते अण्णांच्या पाठीखाली जायचं आणि अण्णा तोंड वाकडं करायचे. चुकतंय कुठे ते बघायला धाकटी एकेक नमुना स्वतःच घालून जमिनीवर पाठ टेकायची. एकदा दुपारी तिच्या अंगात असाच एक शर्ट होता, वेल्क्रो उसवलेला, दुसरं काही अजून लावायचं होतं. पाठीचे दोन्ही भाग एकमेकांवर नुसते चढवलेले. कंबर इतकी भरून आली की जमिनीपर्यंत वाकायचंही तिच्या जिवावर आलं. ती कटिंगच्या टेबलावरच आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

नणंद बाहेरून आली. “झालं! कापड कुठे पसरू, तुझ्या पोटावर? ऊठ गं.” असं म्हणत तिने शर्टाचा पुढचा भाग मुठीत धरून ओढला. धाकटीने डोळे उघडले.

“परत ओढा.”

“काय?”

“परत ओढा ना, वन्सं. जोरात.”

नणंदेने ओढलं. शर्ट ताणला, पण निघाला नाही. मागे एकही बटण नव्हतं, बंद नव्हता, काही नव्हतं. दोन्ही भाग एकावर एक होते आणि त्यांच्यावर धाकटीचं वजन होतं.

ती तशीच पडून म्हणाली, “मागे काही लावायचंच नाही. हे दोन्ही भाग रुंद करायचे. डावा पार उजव्या काखेपर्यंत, उजवा डाव्या काखेपर्यंत. माणूस झोपला की त्याच्या अंगाखालीच दाबून राहतील. वर खांद्यावर फक्त टिचबटणं, जरा पुढच्या अंगाला. तिथे काही दबत नाही.”

“आणि खुर्चीत बसवलं तर?”

“खुर्चीची पाठ दाबेल.”

“आणि उभं राहिलं की?”

“उभं राहता येणाऱ्याला आपला शर्ट लागतोच कशाला?”

नणंद टेबलाच्या कडेवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. धाकटीला मात्र काही वाटलं नाही. आनंद व्हायला हवा होता हे तिला कळत होतं. तिच्या मनात आलं ते एवढंच, की म्हणजे आता सगळे नमुने परत पहिल्यापासून कापायचे. आणि ती गाठोडी उसवायची ती वेगळीच.

नवा शर्ट अण्णांच्या अंगावर चढला. चार दिवस गेले, पाठीची लाली उतरली. रुतत नव्हतं, सरकत नव्हतं. नणंदेने विचारलं, “आता तरी बरं वाटतंय ना, अण्णा?”

“मेलेल्याचा,” अण्णा म्हणाले.

नणंदेचा पारा चढला. “अण्णा, इथे दोन बायका हाडाची काडं करतायत! पाठ दुखत नाही, बाही ओढावी लागत नाही, आणि तुमचं आपलं तेच! मेलेली माणसं असं तोंड वर करून बोलत नाहीत!”

अण्णांनी मान भिंतीकडे वळवली. धाकटी मशीनवरून उठली आणि पलंगाजवळ येऊन टेकली. भांडायची ताकद तिच्यात नव्हतीच. तिने सहज विचारावं तसं विचारलं, “मग जिवंत माणसाचा कसा असतो, अण्णा?”

अण्णांनी मान परत तिच्याकडे वळवली. मग डावा हात छातीवर आणून त्यांनी चाचपलं. तिथे सरळसोट कापड होतं. “खिसा,” ते म्हणाले. “चष्मा... कुठे ठेवू?” हात मानेपाशी गेला. “कॉलर.” मग खाली छातीच्या मधोमध. “बटणं.”

“पण बटणं लागत नाहीत आता. उघडतं मागून.”

“असू दे.” ते चिडले. “मला... दिसतात ना.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. काम झटपट व्हावं म्हणून त्यांनी पुढचा भाग सपाट, गोल गळ्याचा ठेवला होता, दवाखान्यात घालतात तसा. शर्टाची मागची बाजू पाहता पाहता महिने गेले होते. पुढची बाजू, जी आल्यागेल्याला दिसते आणि जी मान खाली घातली की घालणाऱ्याला दिसते, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

धाकटीने त्यांच्या जुन्या गणवेशाचा शर्ट काढला आणि समोर ठेवून तसाच शिवला. ताठ कॉलर, काजांची पट्टी, त्यावर पक्की शिवून टाकलेली बटणं, दोन खिसे, खिशांवर झाकण. मागून मात्र तो नवाच होता. वेळ दुप्पट लागला. घातल्यावर अण्णांनी काही शेरा मारला नाही. चष्मा मागितला, खिशात ठेवला, काढला, परत ठेवला.

सुट्टीच्या दिवशी मुलाने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून बस डेपोच्या फाटकापाशी नेलं. तिथल्या बाकांवर दुपारी निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर बसायचे. आजारी पडल्यापासून अण्णा तिथे गेले नव्हते. न्यायचं नाव काढलं की डोळे मिटून घ्यायचे. ते परत आले तेव्हा धाकटी दारातच होती.

“काय म्हणाले सगळे?”

“काही नाही.” अण्णांचा चेहरा जरा पडलेला होता. एवढ्या दिवसांनी गेल्यावर कुणीतरी काहीतरी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मग आठवून म्हणाले, “एक जण... विचारत होता. इस्त्री कोण करतं म्हणून.”

नवरा तिच्याकडे बघून हसला. तिने खुर्चीची चाकं पुसायला घेतली. हाताला काहीतरी काम हवं होतं.

मेट्रनबाईंनी नवा शर्ट उलटापालटा करून पाहिला. स्वतःच्या हाताच्या मागच्या नाजूक कातडीवर शिवण घासून पाहिली. एका आजोबांना घालून दोन दिवस ठेवला. मग म्हणाल्या, “पाठ उत्तम. आता मला हरकत नाही. पण हे पुढचं नाटक कशाला? कॉलर, खोटी बटणं... किंमत किती वाढते त्याने. आमच्याकडच्या निम्म्यांना तर आज कोणता वार तेही सांगता येत नाही.”

“त्यांना विचारून बघा ना,” धाकटी म्हणाली.

“विचारायला वेळ कुणाला आहे, बाई? माझ्या मुली किती आणि पलंग किती, ते बघा एकदा.”

हे बोलताना त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला, आणि ह्याही आपल्यासारख्याच दमल्यात हे धाकटीला दिसलं. तिने वाद घातला नाही. साध्या शर्टांचं काम घेतलं. त्याशिवाय घर चालणार नव्हतं आणि नणंदेला हे तिच्याआधी कळलं होतं.

पण शिवताना तिचे हात अडले. सरळसोट पुढचे भाग समोर ढिगाने पडले होते. तिने कटिंगमधून उरलेले तुकडे गोळा केले आणि प्रत्येक शर्टाला छातीवर एक खिसा लावायला सुरुवात केली.

“हे कुणी सांगितलंय?” नणंदेने विचारलं.

“कुणी नाही.”

“ह्याचे कोण देणार?”

“कुणी नाही.”

“धन्य आहेस,” असं म्हणून नणंद समोर बसली आणि खिशांच्या कडा दुमडून द्यायला लागली.

माल गेला. महिनाभर काही कळलं नाही. मग मेट्रनबाईंचा फोन आला. नणंदेने तो घेतला आणि दोघींना ऐकू येईल असा ठेवला.

“तुमच्या त्या खिशांनी आमच्या धोबीखान्याचा जीव खाल्लाय!” बाई कडाडल्या. “रोज धुवायच्या आधी खिसे तपासावे लागतात. कंगवे निघतात, चष्मे निघतात, बिस्किटं निघतात. काल एका आजींच्या खिशातून नातवाचा फोटो निघाला, धुऊन पार पांढरा झालेला. केवढी रडल्या त्या! मी काय खिसे मागितले होते तुमच्याकडे?”

“नाही, मॅडम,” नणंद म्हणाली. “पुढच्या खेपेला काढून टाकू.”

पलीकडे कुठेतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

“काढू नका,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आता काढलेत तर ही माणसं मला जगू द्यायची नाहीत. ज्यांना तुमचा शर्ट नाही मिळाला ते रोज खिसा मागतायत. जे बोलत नाहीत ना, तेसुद्धा दुसऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवतात.” मग जरा खालच्या आवाजात, “आणि ते कॉलरवाले... थोडे पाठवून द्या. किती ते मी विचारून सांगते.”

त्या ‘विचारून’ शब्दावर नणंदेने भुवया उंचावल्या. धाकटी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून बसली होती. “खिसा बटणांनी काढता-घालता येईल असा करू,” ती म्हणाली. “धुवायच्या आधी आतल्या वस्तूंसकट काढून ठेवता येईल.”

पुढे दुसरे आश्रम आले, दोन दवाखाने आले. गल्लीतल्या दोघी जणी शिवायला यायला लागल्या. सगळं सुरळीत लागतंय असं वाटत होतं, तेवढ्यात नणंद एक दिवस बाजारातून तरातरा आली आणि पिशवीतून एक शर्ट काढून टेबलावर फेकला. तिच्या जुन्या मालकाने दुकानात लावलेला. मागून उघडणारा, स्वस्त, बाहेरून शिवून आणलेला. “चोर! लाजलज्जा म्हणून काही आहे की नाही?”

धाकटीने तो उलटला. पाठीवर मानेपासून खालपर्यंत वेल्क्रोची पट्टी होती. मालकाने त्यांचा अगदी पहिला शर्ट उचलला होता. तिने त्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं.

“खपतायत का?”

“खपणार नाहीत तर! निम्म्या किमतीत दिलेत. थांब, महिन्याभरात तक्रारी येतील, मग कळेल त्याला.”

“वन्सं, त्याला जाऊन सांगा.”

“शिव्या? त्या देऊन आले मी.”

“नाही. वेल्क्रो काढ म्हणावं. आपण कसं केलंय ते दाखवा त्याला. आपला एक शर्ट घेऊन जा.”

नणंद तिच्याकडे बघतच राहिली. “तुला कळतंय का तू काय बोलतेयस? तेवढं एकच आहे आपल्याकडे, जे त्याच्याकडे नाही. ते त्याच्या हातात नेऊन द्यायचं?”

“ती पाठ तुम्हीही पाहिलीत.”

“पाहिली! म्हणून आपण बदललं. त्याचं तो बघेल.”

“त्याच्या तक्रारी यायला महिना लागेल म्हणालात ना. त्या महिन्यात कुणाच्या तरी पाठीवर येणार.” धाकटीने शर्ट घडी करून बाजूला ठेवला. “मी गेले असते. पण मला त्याच्याशी बोलता यायचं नाही आणि आज माझ्यात चालायचंही त्राण नाही.”

नणंद दोन दिवस तिच्याशी नीट बोलली नाही. कात्री हवी असली तर शिवणाऱ्या बाईंमार्फत मागायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने न बोलता एक शर्ट पिशवीत कोंबला आणि गेली. ती परतेपर्यंत धाकटीने पायजम्याचं कापड पसरलं होतं. आश्रमातून आता पायजम्याची मागणी होती आणि हे बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. झोपलेल्या माणसाला कंबर न उचलता घालता येईल असा पायजमा. तीन नमुने करून झाले होते, तिन्ही फसले होते.

नणंद येऊन स्टुलावर बसली. चपला तशाच पायात.

“सांगितलं?”

“सांगितलं. टेबलावर पसरून दाखवलं. त्या आजींचंही सांगितलं.” ती घोटभर पाणी प्यायली. “आधी हसला. मग हसायचा थांबला. त्याची आई पडून आहे वर्षभर, मला माहीतच नव्हतं. तिला हेच घातलंय म्हणे. लगेच माणूस पाठवला घरी, पाठ बघून ये म्हणून.”

“बरं झालं.”

“काय बरं झालं! आता तो आपलाच शर्ट आपल्यापेक्षा स्वस्त विकणार. दुकानांतला आपला धंदा बसला म्हणून समज.” आणि तसंच झालं पुढे. दुकानांतून मागणी आटली. आश्रम आणि दवाखाने तेवढे टिकले, कारण तिथे खिसे हवे होते, कॉलर हव्या होत्या, कुणाचा एकच हात, कुणाची पाठ वाकलेली, असं माणसागणिक मोजून शिवायला धाकटीशिवाय कुणी तयार नव्हतं. त्यावर दोघींचं आणि शिवायला येणाऱ्या बायकांचं भागत होतं. त्याहून जास्त काही झालं नाही.

पण त्या दुपारी नणंदेचं सांगून संपलं नव्हतं.

“चहा पाजला मला,” ती म्हणाली. “आणि निघताना काय विचारलं माहितेय? ‘पायजम्याचं कुठवर आलंय?’”

धाकटीने खाली पसरलेल्या कापडाकडे पाहिलं. आधी तिच्या खांद्यांना हिसका बसला, मग ती हसली. कितीतरी महिन्यांत पोटातून आलेलं पहिलं हसू. नणंदही हसायला लागली. शिवणाऱ्या बायका मशीन थांबवून बघायला लागल्या. पलंगावरून अण्णांनी “काय झालं?” असं दोनदा विचारलं, पण त्यांना सांगायला कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

मग धाकटीने खडू उचलला. “कंबरेला अडतंय ते,” ती म्हणाली. “धरा जरा हे टोक, वन्सं.”